टोमॅटोची पानं काढायची का, आणि काढायची तर कुठली

घरी कुंडीत किंवा वाफ्यात टोमॅटो लावला की दोन महिन्यांत एकच प्रश्न येतो, झाड नुसतं पानांनी भरलंय, फळं आत कुठंतरी हिरवीच लटकलीत, मग पानं काढून टाकू का म्हणजे फळं लवकर लाल होतील? आणि विचारलं की दोन टोकाची उत्तरं मिळतात, एकजण म्हणतो सगळं साफ करा खालून वरपर्यंत, दुसरा म्हणतो एका पानाला पण हात लावू नका. माझं मत स्पष्ट आहे, पानं काढायची, पण मोजकी, खालची, आणि कारण असेल तरच. फळाला ऊन लागावं म्हणून पान काढणं हे त्यातलं सगळ्यात चुकीचं कारण आहे आणि नेमकं त्याच कारणासाठी सगळ्यात जास्त पानं तोडली जातात, म्हणून आधी तेच बोलू.

टोमॅटो लाल व्हायला उन्हाची गरज नसते. फळ पूर्ण भरलं की ते स्वतःच्या आत इथिलीन नावाचा वायू तयार करतं आणि पिकणं सुरू होतं, ते अंधारात पण होतं, म्हणूनच थोडा गुलाबी झालेला टोमॅटो तोडून घरात ठेवला तरी लाल होतो. पिकायला हवं असतं ते बेताचं तापमान, साधारण 20 ते 25 अंश. तापमान 30 च्या वर गेलं की लाल रंग देणारं लायकोपीन तयार व्हायचं मंदावतं, पिवळा रंग मात्र बनत राहतो, म्हणून भर उन्हाळ्यात फळं पिवळट केशरी होऊन अडकून बसतात. आता विचार करा, अशा वेळी तुम्ही वरचं पान काढलं आणि फळ थेट उन्हात आणलं तर फळाचं तापमान हवेपेक्षा पण जास्त वाढणार, म्हणजे लवकर लाल व्हायचं सोडून अजून लांबणार. आणि एवढ्यावर थांबत नाही, सावलीत वाढलेल्या फळाची साल एकदम कडक उन्हात आली की भाजते, आधी पांढरट पिवळा डाग पडतो, मग तो भाग पातळ कागदासारखा सुकतो आणि तिथून बुरशी आत शिरते. असं फळ परत नीट होत नाही. म्हणून फळांच्या घडावर छत्रीसारखं आलेलं पान असेल तर ते राहू द्या, ते काम करतंय.

बरं, पान म्हणजे फक्त सावली नाही. फळात जी गोडी येते ती बहुतेक पानात बनलेली साखर असते. घडाच्या आसपासची दोनतीन पानं त्या घडाला जास्त पुरवतात, लांबची पानं कमी. उंच वाढणाऱ्या टोमॅटोत साधारण तीन पानं आणि एक घड, परत तीन पानं आणि एक घड अशी रचना खोडावर दिसते, एकदा नीट निरखून बघा, मग कुठलं पान कुणासाठी राबतंय ते डोळ्यांना कळायला लागतं. हिरव्या फळांच्या घडाजवळची पानं काढली की फळं लहान राहतात, चवीला पाणचट लागतात. फुलं लागल्यापासून फळ पिकेपर्यंत साधारण 45 ते 60 दिवस जातात, तेवढे दिवस ती पानं जागेवर हवीत.

आता एक समज फार पसरलाय तो पण सांगतो, की खालची जुनी पानं झाडाचं अन्न खातात म्हणून ती काढली की ताकद फळांना जाते. असं होत नाही. कोवळं पान उमलत असताना दुसऱ्या पानांकडून साखर घेतं हे खरं, पण एकदा ते पूर्ण वाढलं की ते फक्त देणारं होतं, परत घेणारं होत नाही. सावलीत पडलेलं जुनं पान फारसं कमावत नाही एवढंच, पण ते दुसऱ्याचं ओढून पण घेत नाही. उलट म्हातारं होताना आपल्यातलं नत्र आणि बाकी काही अन्नद्रव्यं ते वर नवीन वाढीला पाठवतं आणि मगच पिवळं पडतं. त्यामुळं खालचं हिरवं निरोगी पान, जे जमिनीला टेकत नाही आणि ज्याच्यावर डाग नाही, ते ताकद वाचवायच्या नावाखाली तोडू नका. ते पूर्ण पिवळं झालं की तोडा, तोवर त्याचं देणं देऊन झालेलं असतं.

मग काढायचं कशासाठी? खरं मोठं कारण एकच आहे, रोग. टोमॅटोचा करपा बहुतेक वेळा खालच्या पानांवरून चढतो. लवकर येणाऱ्या करप्याची बुरशी मातीत आणि जुन्या काडीकचऱ्यात राहते, पाणी घालताना किंवा पावसाचे थेंब मातीवर आपटून उडतात आणि बुरशी खालच्या पानावर जाऊन बसते. मग तिथं तपकिरी डाग येतात, त्यात गोल गोल कडी दिसतात एकात एक, डागाभोवती पिवळं होतं, आणि आठवडाभरात वरच्या पानावर. या बुरशीला पान ओलं राहायला लागतं, काही तास पाणी टिकलं की तिचं काम झालं. म्हणून खालून हवा खेळती राहिली, पान लवकर सुकलं, आणि मातीपासून पान लांब असलं तर निम्मी लढाई तिथंच जिंकली जाते. फवारणीपेक्षा हे आधी करा, मी तर म्हणेन हे केल्याशिवाय फवारणीला हात पण लावू नका.

सुरुवात रोप लावतानाच करायची. रोप थोडं लांबट झालं असेल तर खालची दोनतीन पानं काढून खोड तेवढं खोल पुरा, टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की जागोजाग नवीन मुळ्या फुटतात आणि झाड दणकट होतं. पण पान सकट पुरू नका, ते मातीत कुजतं. यानंतर मात्र बरेच दिवस हात आवरा. लहान झाडाला मोजकीच पानं असतात आणि त्यावरच त्याची मुळं वाढणारेत, तेव्हा डाग किंवा किडीशिवाय पान तोडायचंच नाही. झाड साधारण गुडघ्याच्या वर गेलं आणि पहिला फुलांचा घड दिसला की मग जमिनीला टेकणारी पानं काढायला घ्या. झाड मीटरभर झालं की खालचा वीतभर ते फूटभर खोड मोकळं असलं पाहिजे, मातीवर वाळलेल्या पाल्याचं किंवा पेंढ्याचं आच्छादन टाका म्हणजे शिंतोडे उडायचे बंद होतात, आणि पाणी बुडाशी घाला, पानांवर नको.

त्यापुढचा नियम मी एकच पाळतो आणि तो लक्षात ठेवायला सोपा आहे. सगळ्यात खालचा घड ज्याच्यावर अजून हिरवी फळं आहेत, त्याच्या वर कात्री जायची नाही. खालच्या घडातली फळं रंग बदलायला लागली की त्याच्या खालची पानं काढली तरी चालतं, घड तोडून झाला की पुढच्या घडापर्यंत सरका. म्हणजे काढणी जशी वर सरकते तशी पानं काढणं वर सरकतं. मोठ्या काचघरातले उत्पादक पण हेच करतात, आठवड्याला दोनतीन पानं खालून काढतात आणि वरची पंधरासोळा पानं झाडावर कायम ठेवतात. त्यांच्याकडे झाड वर्षभर चालतं आणि खाली वाकवत नेतात म्हणून त्यांचं खालचं खोड अगदी नागडं दिसतं, ते फोटो बघून घरातल्या तीन फुटी झाडाला कुणी तसं करू नये, तेवढी पानं वर असतात तेव्हाच खाली मोकळं करायला परवडतं.

एका वेळी किती? दोन, फार तर तीन. त्यापेक्षा जास्त काढायची वेळ आली असेल तर आठवड्याने परत या. एकदम पाला काढला की काय होतं ते समजून घ्या, पानांतून पाणी बाहेर पडत असतं त्यामुळं मुळं पाणी ओढतात, झाड थंड राहतं. पानं अचानक कमी झाली आणि मुळं तेवढीच राहिली तर ओढलेलं पाणी फळांकडे जास्त जातं आणि टपोरी झालेली फळं तडकतात, विशेषतः त्याच दिवशी भरपूर पाणी घातलं किंवा पाऊस आला तर. वर सांगितलेलं ऊन लागून भाजणं वेगळंच. आणि झाड घाबरल्यासारखं बगलेतून भराभर नवीन फूट काढतं, म्हणजे पानं कमी करायला गेलात आणि महिन्याभरात झुडूप दुप्पट.

हो, बगलफुटीचं इथंच सांगतो कारण खूप जण पान आणि बगलफूट यात गोंधळतात. पान खोडातून निघतं, आणि पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी कोवळी फांदी निघते ती बगलफूट. टोमॅटोचं एक पान म्हणजे एका देठावर पाच, सात, नऊ छोट्या पानांची जुडी असते, ते सगळं मिळून एकच पान धरायचं. बगलफुटीला शेंडा असतो आणि पुढं फुलं पण येतात, पानाला शेंडा नसतो, एवढं बघितलं की चूक होत नाही. झाड फार दाट झालंय असं वाटत असेल तर दहापैकी नऊ वेळा उत्तर पानं काढणं नसून बगलफुटी काढणं हे असतं. बोटभर लांब असतानाच दोन बोटांनी बाजूला वाकवली की कट्कन निघते, जखम इवलीशी होते. हातभर वाढल्यावर काढली तर जखम मोठी आणि झाडाने तिच्यावर घातलेलं सगळं वाया. पहिल्या फुलांच्या घडाच्या लगेच खालची बगलफूट सगळ्यात जोमदार असते, दोन खोडांवर झाड वाढवायचं असेल तर ती एक ठेवा, बाकी काढा.

पण हे सगळं उंच वाढत जाणाऱ्या जातींसाठी. बुटक्या, झुडपी जातींचं गणित वेगळं आहे, त्यांच्या प्रत्येक फांदीच्या शेंड्यावर फुलं येऊन वाढ आपोआप थांबते, सगळी फळं थोड्या दिवसांत एकदम येतात. तिथं बगलफूट काढली की तेवढी फळं गेली आणि पान काढलं की त्याची भरपाई करायला नवीन पान पण येणार नाही. या झाडांना फक्त मातीला लागणारी आणि आजारी पानं काढा, बस. रोप किंवा बी घेताना पाकिटावर कुठली जात ते वाचून ठेवा, पाकीट फेकलं असेल तर झाड बघा, चारेक फुटांच्या वर गेलं आणि शेंडा चालूच आहे तर ते उंच जातीचं. चेरी टोमॅटो बहुतेक उंच वाढणारेच असतात, त्यांना दोनतीन खोडं ठेवली तरी ते आरामात सांभाळतात.

आता कसं काढायचं. सकाळची वेळ धरा, पण दव किंवा पाणी सुकल्यावर. सकाळी देठ पाण्याने टणक असतो, पान खोडाला चिकटतं तिथं अंगठ्याने धरून आधी वर आणि मग खाली वाकवलं की स्वच्छ तुटतं, आणि दिवसभराच्या हवेत जखम सुकते. संध्याकाळी काढलं तर रात्रभर ओली राहते, ढगाळ पावसाळी दिवशी काढलं तरी तेच. नुसतं खाली ओढू नका, खोडाची साल पट्टीसारखी निघते आणि तशी जखम लवकर भरत नाही. देठ जाड असेल तर धारदार कात्री घ्या आणि खोडालगत कापा, इंचभर खुंट ठेवला की तो कुजतो आणि करडी बुरशी त्यातून खोडात उतरते.

एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री पुसा. हे कंटाळवाणं वाटतं पण सोडू नका, कारण पान काढणं म्हणजे जखम करणं आणि काही जिवाणू आणि विषाणू नेमके जखमेतूनच जातात. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू आणि त्याचा टोमॅटोवरचा भाऊबंद हाताला, कात्रीला लागून एका झाडावरून सगळ्या झाडांवर जातो, तंबाखू सिगारेट हाताळलेले हात तसेच झाडाला लावू नका, साबणाने धुवा. जिवाणूंसाठी 70 टक्के अल्कोहोलने पातं पुसलं तरी चालतं, पण या विषाणूवर त्याचा भरवसा धरता येत नाही, त्यासाठी एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं द्रावण ठेवा आणि नंतर कात्री धुऊन पुसून ठेवा नाहीतर गंजते. निरोगी झाडं आधी, संशय असलेलं झाड सगळ्यात शेवटी, हा क्रम कायम. हाताला हिरवट काळा चिकट थर बसतो तो टोमॅटोच्या बारीक केसांतला रस आहे, नुसत्या साबणाने लवकर जात नाही, लिंबू किंवा व्हिनेगर चोळलं की निघतो.

कुठल्या पानाला काय झालंय ते बघूनच काढा, कारण प्रत्येक वेळी काढून फायदा होतोच असं नाही. करप्याचे डाग दोनचार खालच्या पानांवर असतील तर लगेच काढा, फायदा होतो. पण डाग झाडभर पसरले असतील तर सगळी डागाळलेली पानं काढून झाड बोडकं करण्यात अर्थ नाही, जास्त खराब तेवढी काढा, बाकी फळं पिकेपर्यंत चालवू द्या. उशिरा येणारा करपा मात्र वेगळा, पाणी शिंपडल्यासारखे मोठे काळपट डाग, दमट हवेत पानाखाली पांढरी बुरशी, खोडावर पण काळे पट्टे, हा दिसला तर पानं निवडत बसू नका, थंड ओल्या हवेत तो काही दिवसांत झाड संपवतो आणि शेजारच्या बटाट्यावर पण जातो, झाडच उपटा.

नागअळीने पानात पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा काढल्या असतील तर एकदोन रेघांनी काही बिघडत नाही, पान अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर काढा. लाल कोळी खालच्या पानांवर सुरू होतो, बारीक पिवळे ठिपके आणि मागे जाळी, अशी दोनचार पानं लवकर काढून पिशवीत बंद केली तर पुढचा त्रास वाचतो. चुरडामुरडा म्हणजे बोकड्या झाला असेल, शेंड्याची पानं बारीक, वर वळलेली, कडा पिवळ्या, वाढ खुंटलेली, तर पानं काढून काही होत नाही, विषाणू सगळ्या झाडात असतो आणि पांढरी माशी तो पुढं नेते, लहान झाड असेल तर काढून टाकणंच बरं. पण खालची पानं नुसती नळीसारखी वर वळलीत, हिरवीगार आहेत, शेंडा चांगला वाढतोय, तर तो रोग नाही, कडक ऊन, पाण्याचा ताण किंवा जास्त छाटणी यानं तसं होतं, ती पानं बिचारी काम करतायत, त्यांना काढू नका. आणि जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा होत असेल तर मॅग्नेशियमची कमतरता असू शकते, तिथं पान तोडून लक्षण गायब होतं, कारण तसंच राहतं, खतपाणी बघा.

दाटी वाटते पण पान चांगलं आहे, तोडवत नाही, अशा वेळी दोन साधे उपाय आहेत जे फार कमी लोक वापरतात. पहिला, पान आधाराच्या दोरीच्या किंवा काठीच्या मागं अडकवून ठेवायचं, हवेची वाट मोकळी होते आणि पान पण वाचतं. दुसरा, पूर्ण पान न काढता पुढचा अर्धा भाग कापायचा, देठाजवळच्या छोट्या पानांच्या दोन जोड्या ठेवायच्या. भिंतीला चिकटून असलेल्या किंवा शेजारच्या कुंडीत घुसलेल्या पानांसाठी हे फार कामाचं आहे.

फळ लवकर लाल हवंय हा मूळ हट्ट असेल तर त्याचा मार्ग पानांतून जात नाही. फळाच्या बुडाला गुलाबी पिवळी छटा आली की ते तोडा, तोवर त्यानं झाडाकडून बहुतेक सगळं घेतलेलं असतं, घरात सावलीत साध्या तापमानाला ठेवा, चारपाच दिवसांत लाल होतं, चवीत मोठा फरक पडत नाही आणि पक्षी, खार, तडकणं यातून पण वाचतं. फ्रिजमध्ये मात्र नको, न पिकलेलं फळ 12 अंशांच्या खाली ठेवलं की नीट पिकत नाही आणि वास चव दोन्ही जातात. हंगाम संपायला महिनासव्वा महिना उरला असेल, थंडी किंवा कडक उन्हाळा जवळ आला असेल, तर शेंडा खुडा आणि नवीन फुलं काढा, ती फळं आता होणार नाहीत. शेवटच्या घडाच्या वर दोन पानं ठेवून शेंडा खुडा, त्या दोन पानांनी त्या घडाला सावली पण मिळते आणि साखर पण.

काढलेली पानं झाडाखाली टाकून जाऊ नका, एवढी मेहनत करून बुरशी परत बुडाशीच ठेवल्यासारखं होतं. निरोगी पानं खताच्या ढिगात चालतात. डाग, कोळी, विषाणू असलेली पिशवीत बांधून कचऱ्यात, कारण घरातला छोटा खताचा ढीग बहुतेक वेळा तेवढा तापत नाही की बुरशी मरेल. आणि जनावरांना घालू नका, टोमॅटोच्या पाल्यात टोमॅटीन असतं, शेळी असो की घरातलं कुत्रं मांजर, जास्त खाल्लं तर पोट बिघडतं.